होनोरियाची नजर

आमच्या तरुणपणाला आता इतिहास म्हणतात, हे मला मिस हेस्केथ घरी आली तेव्हा कळलं.

ती वसंतात आली, एका मंगळवारी. माझी बायको होनोरिया आदल्या शरदात गेली होती. माझ्या टोपीवरचं काळं कापड अजून उतरलं नव्हतं. एक सवयही उतरली नव्हती. चालताना मी अजून डावा कोपर अंगापासून थोडा लांब धरायचो, तिने हात घालावा म्हणून. बाथच्या रस्त्यांवर लोक मला वाट करून द्यायचे. म्हाताऱ्या नौदलवाल्याचा सांधा धरलाय असं त्यांना वाटत असणार.

मिस हेस्केथ पस्तिशीची, भरभर बोलणारी, बोटांना शाई लागलेली बाई. ती पुस्तकं लिहिते. जुना राजा आजारी होता आणि युवराज त्याच्या जागी कारभार बघत होता, त्या काळातल्या बड्या घरांची पुस्तकं. कोणी काय घातलं, कोण कोणाबरोबर दोनदा नाचलं, कोणाच्या जेवणाला कोण गेलं नाही. ती रेल्वे स्टेशनवर विकायला असतात, रंगीत पुठ्ठ्यात. माझ्या भाचीकडे सगळी आहेत. त्या काळात आम्ही बोनापार्टशी लढत होतो, पण त्याचं नाव त्यांत कुठे दिसत नाही.

"कॅप्टन थॉरोल्ड, तुम्ही खरंच तिथे होतात!" ती खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली. "लेडी ट्रेगोनिंगच्या घरी, त्या जिन्यापाशी! अहो, ते बघायला मिळालं असतं तर मी एक दात काढून दिला असता."

"कोणतं ते?"

"असं काय करता! 'थॉरोल्ड नजर'. अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे. शनिवारी छापखान्यात जातंय. म्हटलं, आधी तुम्हाला वाचून दाखवावं. सभ्यपणा म्हणून."

आणि तिने वाचून दाखवलं.

त्यात माझी बायको होती. पांढऱ्या रेशमात, केसांत हिरे. हिरे नव्हते, तिच्या आईचे मोती होते, पण ते जाऊ दे. त्यात ड्रुसिला एन्स्टी होती, होनोरियाची लहानपणापासूनची जिवलग मैत्रीण. तिने नुकतंच मॉट्राम नावाच्या बिअरवाल्याच्या मुलाशी लग्न केलं होतं. लग्नानंतर ती पहिल्यांदाच चारचौघांत येत होती, आणि तिला घरात घ्यायचं की नाही हे लंडनने ठरवायचं होतं. सगळ्यांनी ठरवण्याचं काम होनोरियावर सोडलं होतं. ती व्हायकाउंटची, बड्या उमरावाची मुलगी, आणि मैत्रीण तिची. तिने मान झुकवली तर सगळे झुकवतील. ड्रुसिला जिन्याच्या पायथ्याशी उभी होती. होनोरिया खाली उतरली, तिच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं, काच असावी तसं तिच्या आरपार बघितलं, आणि पुढे निघून गेली.

"आणि मग," मिस हेस्केथने आवाज खाली आणला, "ती शेजारच्या बाईला म्हणाली, 'या पायऱ्यांपाशी कोणीतरी पिंप विसरून गेलंय वाटतं.'"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"असं ती म्हणाली नव्हती."

"तीन जणांनी सांगितलंय मला."

"तिघंही खोटं बोलले."

"कॅप्टन, मी आख्यायिका लिहिते. कोर्टातली साक्ष नाही लिहीत." मग माझा चेहरा बघून ती नरमली. "अहो, तुमच्या पत्नीचा यात अपमान नाहीये. उलट. अख्ख्या लंडनला गोठवणारी नजर! मुली आरशासमोर उभ्या राहून त्या नजरेचा सराव करायच्या. माझी आईसुद्धा करायची, आणि ती चकणी होती बिचारी."

"काढून टाका ते."

"मग मागे उरतात पडदे आणि झुंबरं. हवं तर नावं गाळते. नावाच्या जागी रेघ ओढते."

"त्या रेघेने बाथमधलं कोण फसणार आहे? मिसेस मॉट्राम इथेच राहते."

"माहीत आहे. तिच्याकडेही गेले होते. तिने भेटच नाकारली." तिने कागद मिटले. "खरं काय झालं ते तुम्ही सांगा, मी ते लिहीन. नाहीतर मिसेस मॉट्रामने स्वतः सांगितलं, तर तिच्यासाठी काढीन. झळ तिला लागली होती. पण तुम्ही नुसतं 'काढा' म्हणता म्हणून नाही काढणार. नवरे सगळे असंच म्हणतात."

खरं काय ते मला माहीत होतं. पण ते सांगणार नाही असा शब्द मी दिला होता.

माझ्या बायकोला दिसत नव्हतं.

आंधळी नव्हती ती. पुस्तक नाकाशी धरून वाचायची, सुईत दोरा एका झटक्यात ओवायची. पण हात लांब केला की त्याच्या पलीकडे तिचं जग संपायचं. तिची आई सांगायची, चष्मा शिकवणाऱ्या बाईच्या नाकावर असतो, व्हायकाउंटच्या मुलीच्या नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षापासून ती लंडनच्या दिवाणखान्यांतून पाठांतरावर चालायची. पायऱ्या आधी मोजून ठेवायची. माणसं आवाजावरून आणि चालीवरून ओळखायची. लग्नाच्या आधी तिने मला हे सांगितलं, आणि म्हणाली, "आता हवं तर मोडा." मी हसलो. मला वाटलं होतं, कर्ज आहे किंवा दुसरा कोणी आहे.

मग आम्ही आमची पद्धत बसवली. ती माझ्या डाव्या हातात हात घालून चालायची. मी कोपर एकदा दाबला की ती मान झुकवायची, दोनदा दाबला की गुडघ्यात वाकायची. हळूच सांगायचो, "उजवीकडे, पिसं, डचेस," की ती त्या बाजूला हसायची. मी आगबोटीच्या आधीच्या काळचा माणूस, खराब हवेत जहाज बंदरात आणण्याची मला सवय होती. आम्ही कुठेही आपटलो नाही.

लेडी ट्रेगोनिंगच्या घरच्या नाचाच्या रात्री ती म्हणाली, घसा सुकलाय. तिला वरच्या मजल्यावर बसवून मी लिंबाचं सरबत आणायला गेलो. सरबतापाशी गर्दी होती. तेवढ्यात तिच्या आईने तिला खाली पाहुण्यांत पाठवलं, आणि ती एकटीच जिना उतरली.

लांबचं माणूस तिला धुक्यासारखं दिसायचं. धुक्याकडे माणूस कसं बघतं ते मला डेकवर राहून चांगलं माहीत आहे. डोळे मोठे, स्थिर, मागे काही आहे का ते शोधणारे. पापणी हलत नाही. त्या बघण्याला लंडनने गर्व म्हटलं.

सरबत घेऊन आलो तर बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. "काय जिरवलीत तिची!" असं तिला म्हणत होत्या. काय घडलं ते तिला त्यांच्या तोंडून कळलं. ड्रुसिला तोवर निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. होनोरिया तिला सगळं सांगणार होती, डोळ्यांचंही. तिला एकटीलाच. नोकराने दार उघडलं आणि म्हणाला, "बाईसाहेब घरी नाहीत." वरच्या खिडकीचा पडदा हलला. तो मला दिसला, होनोरियाला नाही. मी गाडीत बसल्यावर तिला ते सांगितलं. 'घरी नाहीत' म्हणजे 'तुम्हाला भेटायचं नाही', हे लहान मुलांनाही कळतं, आणि ते ऐकल्यावर पुन्हा दार वाजवत नाहीत. तिने पत्र पाठवलं, ते न उघडता परत आलं. मॉट्राम मंडळी लंडन सोडून बर्टनला गेली, कारखान्याजवळ. होनोरियाने माझ्याकडून शब्द घेतला की आता कोणालाच सांगायचं नाही. म्हणाली, "जिला सांगायचं होतं तिने ऐकलं नाही. बाकीच्यांना काय करायचंय?"

ती दुष्ट म्हणून प्रसिद्ध झाली. आमंत्रणं दुप्पट झाली. माझ्याशिवाय ती पुन्हा कधी जिना उतरली नाही.

मिस हेस्केथ गेल्यावर मी होनोरियाचा चष्मा काढून बसलो. तो माझ्या बंडीच्या खिशात असतो. कासवाच्या कवचाची चौकट, बाटलीच्या बुडासारख्या काचा. घरात, दार लावून, खिडकीतून रस्ता बघायला ती तो लावायची. मोलकरणीचं पाऊल वाजलं की शिवणाखाली लपवायची. शेवटच्या आजारात डॉक्टर आला तेव्हाही तिने तो उशीखाली सारला होता.

खरं सांगावं तर सगळ्या स्टेशनांवर ती आंधळी म्हणून विकली जाईल. गप्प बसावं तर पिंपाचं ते वाक्य तिच्या तोंडी कायमचं चिकटेल, आणि ड्रुसिला ते वाचेल. कोणतं तिला चाललं असतं? मी तिला विचारू शकत नव्हतो. पण एक गोष्ट मला आठवत होती. 'कोणालाच नाही' असं तिने नंतर म्हटलं. आधी तिला एका माणसाला सांगायचं होतं.

तो माणूस दर गुरुवारी पंप रूममध्ये, बाथच्या झऱ्याचं औषधी पाणी प्यायच्या दालनात, यायचा.

ड्रुसिला मॉट्राम विधवा होऊन, दुखरे गुडघे घेऊन, काही वर्षांपूर्वी बाथला राहायला आली होती. चाकाच्या खुर्चीतून येते, घड्याळाखाली बसते, ते गरम पाणी नाक मुरडत पिते. आम्हीही गुरुवारी जायचो. पहिल्या दिवशी मी होनोरियाला कानात सांगितलं, "ड्रुसिला आहे. घड्याळाखाली." माझ्या हातावरची तिची बोटं घट्ट झाली. मी म्हटलं, "मान झुकव. मोठ्या घरची तू, आधी तूच झुकवायचीस." ती म्हणाली, "मी झुकवली आणि तिने उत्तर दिलं नाही, तर ते सगळ्यांना दिसेल, कॅप्टन. फक्त मला दिसणार नाही."

मी कोपर दाबलाच नाही.

मग दर गुरुवारी आम्ही समोरच्या बाकावर बसायचो. होनोरिया घड्याळाकडे तोंड करून बसायची आणि विचारायची, "काय घातलंय?" मी म्हणायचो, "राखाडी." "टोपी?" "आहे." "अहो, टोपी असणारच, कसली आहे?" "फितींची." "हसते का?" "नाही." "बारीक झालीय?" "नाही गं." त्यावर तिला बरं वाटायचं. ड्रुसिला लहानपणी खादाड होती म्हणे. असं पाण्याचा पेला संपेपर्यंत चालायचं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

त्या गुरुवारी मी एकटा गेलो. ती घड्याळाखाली होती. आमच्या काळचा नियम असा की बाईने आधी मान झुकवली तरच पुरुषाने टोपी काढायची. नाही झुकवली तर तो तिला ओळखतच नाही. मी तिच्या समोर, दिसेल असा उभा राहिलो. तिने माझ्याकडे बघितलं, मग खांबाकडे बघितलं. मी पुन्हा समोर गेलो. तिने पेल्यात बघितलं. आजूबाजूच्या म्हाताऱ्या पाणी प्यायच्या थांबल्या. त्यांच्यासाठी ही आठवड्यातली मोठी घटना होती.

मी साठी ओलांडलेली. हा नियम मी जन्मात मोडला नव्हता. नियम पाळत पाळतच हे सगळं झालं होतं. मी टोपी काढली.

"मिसेस मॉट्राम, मला तुमच्याशी बोलायचंय."

ती वर न बघता खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला म्हणाली, "क्रॅब, हे गृहस्थ कोण?"

क्रॅब गोंधळला. "कॅप्टन थॉरोल्ड, बाईसाहेब. दर गुरुवारी तर..."

"तुला उत्तर द्यायला सांगितलं नव्हतं." मग माझ्याकडे बघून, "अजून उभेच? मला वाटलं होतं तुमच्या घरात रीत असते."

"होती. ती घेऊन आम्ही कुठे पोचलो बघा."

ती थोडी चमकली. "बसा. मान वर करून माझी मान दुखते. क्रॅब, जा, पाय मोकळे कर." मी बसलो. ती म्हणाली, "बायको गेली तुमची, कळलं. वाईट झालं असं म्हणायला हवं, म्हणते. पण पुस्तकाचं सांगायला आला असाल तर ती शाईवाली बाई माझ्याकडे येऊन गेलीय. छापू दे तिला. बिअरवाल्यांची कातडी जाड असते."

"त्यात एक वाक्य आहे. पिंपाबद्दल. होनोरियाच्या तोंडी. ती ते म्हणाली नव्हती."

"नव्हतीच. मी दोन-तीन हातांवर होते. ती काहीच म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी उलट काहीतरी बोलले असते. बोलण्यात मी तिला कधी हार गेले नाही." तिचा आवाज बदलला. "नुसतं बघितलं. मी हात पुढे केला होता, कॅप्टन. हे तुमच्या पुस्तकवाल्यांना माहीत नाही. हात पुढे केला होता मी."

"तिला तो दिसला नाही."

"हो का?"

"तिला तुम्हीच दिसला नाहीत. तिला लांबचं काहीच दिसायचं नाही."

ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "चाळीस वर्षांनी हे शोधून काढलंत? नवीन काहीतरी आणायचं होतं."

मी खिशातून चष्मा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. आपण शब्द मोडतोय की पाळतोय, हे मला त्या क्षणीही नक्की कळत नव्हतं.

तिने तो उचलला. काचांची जाडी बोटांनी चाचपली. मग टोपी मागे सारून चक्क नाकावर चढवला. समोरच्या म्हाताऱ्यांपैकी एकीला ठसका लागला.

"देवा रे. सगळं चिमुकलं होऊन गोल फिरतंय." तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले. "हे लावून तिला दिसायचं?"

"हे लावलं की रस्त्यापलीकडे घोडा आहे, एवढं कळायचं."

"आणि न लावता?"

"न लावता टेबलापलीकडे मी आहे, एवढं कळायचं. तेही मी खोकलो तर."

तिने चष्मा काढला. बराच वेळ ती त्याच्या दांड्या उघडत मिटत राहिली.

"लहानपणी ती माझ्या मागे मागे पळायची," ती म्हणाली. "बागेत. माझ्या पट्ट्याचं टोक धरून. मला वाटायचं, माझ्यावर जीव आहे."

"जीव होताच."

"मग हे मला का नाही सांगितलं? मला?"

"सांगायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही घरी नव्हतात."

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला तो पडदा आठवतोय.

"मी वर उभी होते," ती शेवटी म्हणाली. "तुमची गाडी बघत होते. मला वाटलं, मी रडले का ते बघायला आलीय. लोकांना जाऊन सांगायला. मॉट्राम म्हणत होता, 'अगं, निदान ऐकून तरी घे.' त्याला काय कळतंय, बिअरवाला, असं मी मनात म्हटलं. मीसुद्धा तेच म्हटलं, बघा." तिने नाक पुसलं. "आणि पत्र परत पाठवलं. त्यात हेच होतं?"

"हेच असणार. मी वाचलं नव्हतं."

"आणि इथे? इथे काय होतं मग? दर गुरुवारी त्या बाकावर बसून ती माझ्याकडे बघायची. तीच नजर. पाणी संपेपर्यंत हलायची नाही. मी घरी जाऊन क्रॅबला म्हणायचे, म्हातारी झाली तरी हिचा माज जात नाही. पुढच्या गुरुवारी नाही जायचं म्हणायचे आणि जायचे. तिला वाटू नये मी घाबरले."

"ती मला विचारत असायची, तुम्ही काय घातलंय."

"काय?"

"काय घातलंय, टोपी कसली, हसता का. मी सांगायचो, ती ऐकायची. तोंड तुमच्याकडे, कान माझ्याकडे."

ड्रुसिला मॉट्रामने पेला बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. मी म्हाताऱ्यांच्या आणि तिच्या मध्ये होईल असा वळून बसलो. दुसरं काही करता येत नव्हतं.

थोड्या वेळाने ती सावरली तेव्हा मी मुद्द्यावर आलो. शनिवार जवळ होता. "तुम्ही सांगितलंत तर मिस हेस्केथ सगळंच काढेल. किंवा खरं ते लिहील. तुमच्यावरचा डाग पुसला जाईल. मी तयार आहे. निवड तुमची."

"खरं म्हणजे, तिला दिसत नव्हतं हे?"

"हो."

"रेल्वे स्टेशनवर?" तिने चष्मा माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्यावर मिटली. "ठेवा आत. लोक बघतायत. कॅप्टन, जे तिने सगळा जन्म लपवलं ते मी शनिवारी छापू? आणि कशाला, तर एका नाचात माझा मान राखायला? त्या नाचातल्या निम्म्या बायका मेल्यात, उरलेल्यांना दात नाहीत."

"मग काढून टाका म्हणावं."

"काढून टाकलं तर तिचं काय उरतं? पडदे आणि झुंबरं. मुली तिची नजर गिरवतात म्हणे. गिरवू देत. मी शाईवालीला बोलावते. पिंप तेवढं काढायला लावते. होनोरिया असलं फुसकं बोलत नसे. बाकी राहू दे."

"पण मग त्यात तुम्ही जिन्यापाशी तशाच उभ्या राहाल. वाचणारे म्हणतील..."

"राहीन उभी. तिथे तरी आम्ही दोघी एका पानावर आहोत. दुसऱ्या कुठल्या पानावर नाही."

मिस हेस्केथ शुक्रवारी तिच्याकडे गेली. मी नव्हतो, पण मिस हेस्केथने नंतर सांगितलं की म्हातारीने तिला उत्तम वाइन पाजली आणि वाक्य काढायला लावलं. तिने विचारलं, "पण मग तुमच्या मैत्रिणीने असं का केलं?" तर ती म्हणाली, "कारण ती सुंदर होती आणि मी तिच्या वाटेत उभी होते. लिहा, लिहा." पुस्तक आलं. चांगलं चाललंय. माझी भाची ती नजर करून दाखवते. तिला ती जमत नाही, तिला सगळं दिसतं ना.

मी गुरुवारी जातो. आता समोरच्या बाकावर नाही, घड्याळाखाली बसतो. मी आत आलो की ड्रुसिला आधी मान झुकवते, मग मी टोपी काढतो. आम्ही होनोरियाबद्दल बोलतो. तिला माहीत असलेली होनोरिया सोळा-सतरा वर्षांची, झाडावर चढून उतरता न येणारी. मला माहीत असलेली पुढची. मधल्या जागेबद्दल आम्ही बोलत नाही.

एकदा ती म्हणाली, "काय सांगायचात हो तिला? मी काय घातलंय म्हणून?"

"राखाडी."

"राखाडी?"

"राखाडीच की. नेहमी तेच असायचं. आत्ताही तेच आहे."

तिने आपल्या झग्याचा घोळ दोन बोटांत धरून माझ्यापुढे केला. "हे राखाडी नाही, कॅप्टन. हे जांभळं आहे. फिकं, पण जांभळं. दोघींचा हा आवडता रंग. शाळेत असताना आम्ही ठरवलं होतं की म्हाताऱ्या झालो की दोघींनी हाच घालायचा." ती घोळ नीट करत राहिली. "मी तो तिच्यासाठी घालून यायचे. दर गुरुवारी. तिला दिसावा म्हणून."

मी वाकून बघितलं. खिडकीच्या उजेडात धरल्यावर त्यात जांभळी छटा होती खरी. समुद्रावरचे रंग मला कळतात. कापडाचे कळत नाहीत.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "कोण सांगणार?"

क्रॅबने खुर्ची वळवली. मी टोपी घातली आणि त्यांच्या बाजूने दारापर्यंत चालत गेलो, डावा कोपर जरा लांब धरून.